एकशे एकवीस भोकांची फळी

६ सप्टेंबर १९८८, मंगळवार

हरले! नऊपैकी आठ डाव हरले!

जो एक जिंकले तोसुद्धा समोरच्या म्हाताऱ्याला चष्मा सापडत नव्हता म्हणून.

ही वही दिव्याचीच आहे. दीपगृहाची नोंदवही, कोरी राहिलेली. वारा, धुकं, जहाजं असे रकाने आखलेले. आता दिवा यंत्रावर लागतो, यंत्रावर विझतो. राखणदार नको, राखणदाराची बायको तर नकोच नको. जूनमध्ये आम्हाला हार्कर बेटावरून उतरवून इथे गावात आणून टाकलं. रकान्यात भरायला आता वारा नाही. क्रिब भरते, आमचा पत्त्यांचा खेळ.

इथे बंबखान्याच्या वरच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी क्रिब क्लब असतो. नऊ डाव, नऊ वेगळी माणसं. मला वाटत होतं, आपल्याला चांगलं येतं. का नाही वाटणार? एकतीस वर्षं रोज खेळले — पण एकाच माणसाशी! बेटावर दुसरं होतं कोण? मी, माझा नवरा लॉर्न आणि पक्षी.

आणि इथलं कुणीच लॉर्नसारखं खेळत नाही!! लॉर्नसमोर पान पडलं की तो जोडी लावल्याशिवाय राहायचा नाही. म्हणून मी हातातल्या जोडीतलं एक पान आधी टाकायचे, तो जोडी लावायचा, मी तिसरं टाकून सहा गुण खायचे. आज सहा वेळा तसा गळ टाकला. एकही मासा लागला नाही.

त्यात तो क्लाइड कॉर्कम. होड्या बांधायचा, आता निवृत्त, आवाज धुक्याच्या भोंग्यासारखा. "या या, बेटकरीणबाई! तिकडे पक्ष्यांना पानं वाटत होता वाटतं?" सगळा हॉल हसला. माझ्या हातात दुर्री, तिर्री, दश्शी, राणी. वर उघडलेला नव्वा. घाबरून म्हटलं, "काही नाही." तो टेबलावर हात आपटून — "मगिन्स! दुर्री-तिर्री-दश्शी पंधरा, दुर्री-तिर्री-राणी पंधरा. चार गुण माझे!" मोजायचे राहिलेले गुण समोरच्याने लुटायचे, असा इथे नियमच आहे म्हणे.

बेटावर लॉर्न म्हणायचा, "अगं, दोन राहिले तुझे." आणि गुणांच्या फळीवर माझी खुंटी स्वतःच पुढे सरकवायचा.

७ सप्टेंबर

"काय झालं?" लॉर्नने विचारलं. "हरले." "हं."

आज दिवसभरात एवढंच बोलणं.

१० सप्टेंबर, शनिवार

या घराच्या एकाही खिडकीतून बेट दिसत नाही. लॉर्न तरी खिडकीशीच बसतो. बाहेर काय, रस्ता आणि शेजाऱ्यांची लाकडं.

मला त्याचं मन कळतं. माझंही तिकडेच असतं. भांडी घासताना डोळे आपोआप भरतात.

ऑक्टोबर १९५७. लग्नाला नऊ दिवस झालेले. बोटीतून मला खडकावर उचलून ठेवलं, त्यानंतर तीन दिवस धुकं. मी चोवीस वर्षांची, करमेना. तेव्हा लॉर्नने कपाटातून फळी काढली. लांबट लाकूड, दोन बाजूंना भोकांच्या रांगा, चार खुंट्या. "हे बघ," म्हणाला, "एकशे एकवीस भोकं. ज्याची खुंटी आधी शेवटाला पोचेल तो जिंकला. सहा पानं मिळतात, त्यातली दोन टाकायची. तुझी दोन, माझी दोन, मिळून होते ती गव्हाण. ती पानं वाटणाऱ्याची. आधी टाकाटाकी — आळीपाळीने एकेक पान, बेरीज एकतीसपर्यंत. मग ज्याने त्याने आपला हात मोजायचा, गठ्ठ्यावर उघडलेलं पान धरून. पंधराची बेरीज झाली की दोन. जोडीचे दोन. ओळीने पानं आली तर जितकी पानं तितके."

"आणि गव्हाणीत काय टाकायचं?"

"माझी गव्हाण असेल तर कचरा. तुझी असेल तर चारा!"

केवढी हसले होते. बाहेर मिनिटाला एकदा भोंगा वाजायचा, आणि आम्ही भोंग्याच्या तालावर पानं टाकायचो. तीन दिवसांनी धुकं उठलं तर मला वाईट वाटलं!

१३ सप्टेंबर, मंगळवार

सात हरले, दोन जिंकले.

चहाच्या वेळी व्हर्ना झिंक शेजारी येऊन बसली. त्र्याहत्तर वर्षांची बाई. चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात हेरिंग चिरले. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, तरी पानं अशी पिसते की बघत राहावं. गेली चार वर्षं क्लबचा कप हिच्याकडेच.

काकवीचं बिस्किट चहात बुडवून म्हणाली, "तू पानं बघतेस, पोरी. फळी बघत नाहीस."

"म्हणजे काय?"

"पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी घरी ये. फळी घेऊन येऊ नकोस, माझ्याकडे आहे. डोकं घेऊन ये."

२२ सप्टेंबर, गुरुवार

व्हर्नाचं स्वयंपाकघर. आंबवलेल्या कोबीचा वास, खुर्चीवर एक लठ्ठ मांजर. ते उठलं नाही, मीच स्टुलावर बसले.

दोन तासांत तीन डाव. कारण पान टाकायच्या आधी मोठ्याने सांगायचं — का?

"पंजा का टाकलास माझ्या गव्हाणीत?"

"हातात बसत नव्हता म्हणून."

"दश्शी, गुलाम, राणी, राजा, सगळ्यांची किंमत दहा. सोळा पानं आहेत ती! पंजा आणि दहा म्हणजे पंधरा. शेजारणीच्या घरात पंजा टाकणं म्हणजे तिच्या चुलीत आपलं लाकूड घालणं."

हे मला माहीत होतं हो! पण बेटावर पंजा टाकला तरी चालायचं. लॉर्नच्या गव्हाणीत गेला काय, माझ्या गेला काय — घर एकच!

"आधी उतरायचं असेल तर चौका टाक," म्हणाली. "चौक्यावर कुणालाही एका पानात पंधरा करता येत नाही."

एकतीस वर्षं खेळले आणि हे कधी लक्षातच आलं नाही. लॉर्न कधीच चौक्याने उतरायचा नाही ना!

६ ऑक्टोबर, गुरुवार

अठरा, चव्वेचाळीस, सत्तर, शहाण्णव.

व्हर्नाची जपमाळ. वाटणी आपल्या हाती येते तेव्हा खुंटी कुठे आहे ते बघायचं. या भोकांवर किंवा त्यांच्या पुढे असलीस तर सांभाळून खेळ, समोरच्याला उपाशी ठेव. मागे असलीस तर धाडस कर, मोठा हात धर, काय व्हायचं ते होऊ दे.

"म्हणजे तीच सहा पानं, पण खेळायची वेगळी?"

"तेच माणूस घरात वेगळं वागतं, चर्चमध्ये वेगळं. पानं काय निराळी आहेत?"

पाव मळताना म्हणत होते. अठरा, चव्वेचाळीस, सत्तर, शहाण्णव. लॉर्नने मान वर करून बघितलं. वाटलं, विचारेल. नाही विचारलं.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

पाच जिंकले!! नऊपैकी पाच!

आज मी माणसं बघितली. पहिल्यांदाच. इतके दिवस प्रत्येक चेहऱ्यात लॉर्न शोधत होते. आता कळायला लागलंय — मरे वेंट्झेल, आमचा क्लबचा सेक्रेटरी, चांगला हात आला की कॉलर नीट करतो. क्लाइड पुढे असला की बडबडतो, मागे पडला की शीळ घालतो. आज माझ्यासमोर अख्खा डाव शीळ घालत होता.

घरी येताना बर्फाळ वारा. मी चक्क गाणं गुणगुणत होते. दाराशी आले, खिडकीत लॉर्नचं डोकं दिसलं आणि गाणं आपोआप थांबलं. त्याचं सगळं गेलं आणि मी गाणी म्हणते!

१५ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी केलं. तोंडातून निघत नव्हतं, पण केलं.

क्लाइडने हात मांडला. सत्ता, दोन अठ्ठे, नव्वा, आणि वर उघडलेला छक्का. भराभर मोजलं — "पंधरा-दोन, पंधरा-चार, दोन ओळी आठ, जोडी दोन, एकूण चौदा." खुंटी सरकवली आणि बोट उचललं.

छक्का आणि नव्वा. पंधरा. दोन राहिले.

लॉर्नसारखं म्हणावंसं वाटलं — अहो, दोन राहिले तुमचे. समोरच्या टेबलावरून व्हर्ना बघत होती. नुसती बघत होती, भुवईसुद्धा हलवली नाही.

"मगिन्स," मी म्हणाले. इतकं हळू की क्लाइडने विचारलं, "काय?"

"मगिन्स!" आता जरा मोठ्यानेच निघालं. "छक्का-नव्वा पंधरा. दोन माझे."

क्लाइडच हसायला लागला, पोट धरून. "बघा रे! बेटकरीण चावली!" मरे लांबून ओरडला, "क्लाइड, लस टोचून घे!"

डाव एका गुणाने जिंकले. ते दोन नसते तर हरले असते.

२९ नोव्हेंबर

रविवारी मी आमची जुनी फळी काढली. जेवणं झाली होती, बाहेर पाऊस. लॉर्नसमोर ठेवली, पानं पिसली. म्हटलं, "एकच डाव. मी तुला काय काय नवीन दाखवते बघ!"

त्याने पानांकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. "नको, एल्डा. तू जा तुझ्या हॉलमध्ये. मला नको."

रागाने नाही म्हणाला. थकून म्हणाला. फळी परत ठेवली.

समजू शकते मी. हा खेळ त्याच्यासाठी बेटावरचाच. तिकडचं टेबल, तिकडचा दिवा. इथे काढला की जखमेवर मीठ.

मग मी दर मंगळवारी काय करते? मीठ चोळायला जाते का? पण थांबवत नाही.

१३ डिसेंबर

सहा जिंकले. बर्फ गुडघाभर.

२५ डिसेंबर, रविवार

नाताळ. चर्च, मग व्हर्नाकडे जेवण. तिला जवळचं कुणी नाही. लॉर्नही आला, तिच्याशी बोलला, दोनदा वाढून घेतलं. व्हर्नाने त्याला विचारलं, "तू का नाही येत मंगळवारी?" तो म्हणाला, "घरात एक खेळाडू पुरे." छान म्हणाला. पण हसला नाही.

एकसष्टचा नाताळ आठवला. वादळामुळे बोट तेरा दिवस आली नव्हती. डुकराचं मांस नाही, लोणी नाही, साखर चिमूटभर. मी खारवलेले मासे आणि बटाटे केले, वर कांदा परतून घातला, आणि दोघांनी एकमेकांना भेट म्हणून काय दिलं असेल? डाव! लॉर्न म्हणाला, "आज तुला एक डाव भेट, मी मुद्दाम हरणार." मी म्हटलं, "मीही हरणार." मग दोघंही हरायचा प्रयत्न करतोय, आणि पानं अशी येतायत की एकामागून एक वीस-वीसचे हात! हसून हसून मी खुर्चीवरून खाली.

इतकी श्रीमंत मी पुन्हा कधी नव्हते.

१० जानेवारी १९८९

वादळ. हॉल बंद. आज मंगळवार रिकामा गेला तर काय करावं सुचेना. लॉर्नने फावड्याने दारापुढचं बर्फ काढलं, आमचं आणि शेजाऱ्यांचंही. बराच वेळ बाहेर होता. तिथेच शेजाऱ्यांशी बोलत उभा. काय बोलत असेल? घरात तर बोलत नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

व्हर्नाला हरवलं.

नववा डाव. वाटणी माझी, खुंटी शहाण्णववर. बरोब्बर जपमाळेच्या मण्यावर! तिची पंच्याण्णव. मोठा हात धरता आला असता, पण धरला नाही. सांभाळून खेळले. तिच्या प्रत्येक पानावर असं पान टाकलं की पुढे तिला काहीच जुळू नये. माझ्याकडे गुण थोडे आले, पण तिच्याकडे त्याहून थोडे. पुढच्या वाटणीला ती लंगडत आली आणि मी पोचले.

तिने पानं गोळा केली. माझ्याकडे न बघता कोट घातला आणि चहा न घेता गेली!

मला विजय नकोसा झाला. जिने शिकवलं तिलाच!

१६ फेब्रुवारी, गुरुवार

जायला पाय उचलेना. तरी गेले. व्हर्नाने दार उघडलं, मांजराला खुर्चीवरून ढकललं आणि म्हणाली, "आजपासून तू खुर्चीवर बस."

मी म्हटलं, "मंगळवारचं मला फार वाईट वाटतंय."

"तेच बंद कर," ती म्हणाली. "जिंकल्यावर वाईट वाटायचं ते. मी रागावले होते, खरं आहे. सत्ता टाकायला नको होता मी. स्वतःवर रागावले होते. तू काय समजलीस, तुझ्यावर? एवढी कोण लागून गेलीस तू?"

दोघी हसलो. मग म्हणाली, "नवऱ्याबरोबर खेळलीस ना इतकी वर्षं, म्हणून तुला वाटतं समोरच्याच्या हरण्याची काळजी आपणच करायची. समोरचा आपली काळजी घ्यायला समर्थ असतो."

२१ मार्च, मंगळवार

हंगाम संपला. मरेने फळ्यावर गुण लिहिले. पहिला क्लाइड. दुसरी — एल्डा आइस्नर! व्हर्ना तिसरी.

अंतिम सामना २२ एप्रिल, शनिवार, दुपारी एक. पाच डाव, तीन जिंकेल त्याचा कप.

मरे म्हणाला, "फळ्यावर तुमचं नाव बघून काय वाटतं?" मी म्हटलं, "स्पेलिंग चुकलंय." खरंच चुकलं होतं. दुरुस्त केलं त्याने.

सप्टेंबरमध्ये मी या जिन्यावरून रडत उतरले होते.

६ एप्रिल, गुरुवार

पत्र आलं. दीपगृह खात्याचं.

बेटावरचं राखणदाराचं घर पाडणार. पाडणार म्हणजे जाळणार — लाकूड बोटीने परत आणणं परवडत नाही म्हणे. मोकळं घर धोक्याचं. २२ एप्रिलला, हवा बरी असली तर. श्री. लॉर्न आइस्नर यांची इच्छा असल्यास त्यांना बोटीतून नेण्यात येईल.

२२ एप्रिल.

लॉर्नने पत्र दोनदा वाचलं. घडी घातली. "जाईन मी," म्हणाला.

मी परसात जाऊन रडले. ते स्वयंपाकघर! जिन्याच्या चौथ्या पायरीची करकर! माडीवरच्या खिडकीतून दिसणारे सील! सगळ्याची राख.

११ एप्रिल

ठरवलं. सामना सोडते. त्याच्याबरोबर जाते. एकतीस वर्षांच्या घराला आग लागणार आणि मी इथे राजा-राणी मोजत बसणार?

१३ एप्रिल, गुरुवार

व्हर्नाला सांगितलं. वाटलं, ओरडेल. नाही ओरडली. पानं पिसत राहिली, त्या दोन न वळणाऱ्या बोटांनी.

"जळतं घर बघून तुला काय मिळणार, ते तुझं तू जाणे. पण त्याला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? मी त्याला ओळखत नाही का? एकटा कसा उभा राहील तो तिथे?"

"विचार तरी," ती म्हणाली.

१९ एप्रिल, बुधवार

विचारलं. म्हणजे सांगितलं — "शनिवारी मीही येतेय."

लॉर्न बूट पुसत होता. हात थांबला. "नाही. तू खेळ."

"कप दरवर्षी असतो, लॉर्न. घर—"

"तू आलीस तर मी जाणार नाही."

एवढा ठाम आवाज मी त्याचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मग जरा मऊ होऊन म्हणाला, "तुझ्याच्याने बघवणार नाही. मला माहीत आहे. तू जिंकून ये."

माझ्यासाठी सगळं दुःख एकट्याने पिणार हा माणूस.

२२ एप्रिल, शनिवार

सकाळी सातला लॉर्न गेला. निळा कोट, डोक्यावर खात्याची जुनी टोपी. मी पावात खारवलेलं मांस घालून बांधून दिलं. धक्क्यापर्यंत गेले नाही. गेले असते तर बोटीत चढले असते.

एक वाजता हॉल. चाळीसेक माणसं, सगळे भिंतीला टेकून. मधे एकच टेबल. क्लाइडने इस्त्रीचा सदरा घातला होता. "बेटकरीणबाई, आज पक्षी नाही आणले बरोबर?"

"पक्ष्यांना आधीच हरवलंय. आता तुमची पाळी."

माझ्या तोंडून! सप्टेंबरमधली मी असती तर टेबलाखाली गेली असती.

पहिला डाव हरले. डोक्यात धूर होता. खिडकीबाहेर समुद्राकडे बघत होते, आणि आकाश अगदी स्वच्छ. म्हणजे जाळणारच. दुसरा डावही हातून जात होता. तेव्हा व्हर्ना पाण्याचा पेला ठेवायच्या निमित्ताने आली आणि कानात म्हणाली, "दोन ठिकाणी बसता येत नाही, पोरी. ऊठ तरी, नाहीतर बस तरी."

बसले. दुसरा जिंकला. तिसरा त्याचा. चौथा माझा, चांगल्या वीस भोकांनी. क्लाइड शीळ घालायला लागला होता.

पाचवा. सगळा लिहून ठेवते, कारण हा मला विसरायचा नाही.

शेवटची वाटणी. वाटणार क्लाइड. तो एकशे सतरावर, त्याला चार हवेत. मी एकशे तेरावर, मला आठ. आता तो पुन्हा बडबडत होता. हात आधी मी मोजणार, तेवढीच माझी बाजू. पण टाकाटाकीतच त्याला चार मिळाले तर मोजायची वेळच येणार नाही.

माझी सहा पानं — एक्का, दोन सत्ते, दोन अठ्ठे, दश्शी.

दोन सत्ते, दोन अठ्ठे म्हणजे बाराचा हात! काय देखणा दिसत होता. बेटावर मी डोळे मिटून तोच धरला असता. पण मग उतरायला सत्ता नाहीतर अठ्ठा. दोन्ही अंगावर येणारी पानं, त्यावर पंधरा करणं सगळ्यात सोपं. आणि मला बारा कशाला हवेत? मला हवेत आठ!

एक्का, दोन सत्ते, एक अठ्ठा. सत्ता-अठ्ठा पंधरा, दुसरा सत्ता-अठ्ठा पंधरा, सत्ता-सत्ता-एक्का पंधरा, सत्त्यांची जोडी. आठ. काट्यावर आठ. आणि उतरायला एक्का.

दुसरा अठ्ठा आणि दश्शी त्याच्या गव्हाणीत टाकली. गव्हाण शेवटी मोजतात. तिथवर गेलं तर मी हरलेलीच.

गठ्ठा काटला. त्याने पान उलटलं — राणी. गुलाम निघाला असता तर वाटणाऱ्याला बसल्या जागी दोन. सुटले.

मी एक्का. "एक." तो राजा. "अकरा." मी सत्ता. "अठरा." तो गुलाम. "अठ्ठावीस." पुढे मला टाकता येईना, त्यालाही येईना. एक गुण त्याचा. एकशे अठरा.

पुन्हा मी उतरायचं. सत्ता आणि अठ्ठा उरलेले. अठ्ठा टाकला. क्लाइडची बडबड थांबली होती. दोन पानं हातात, एकावर अंगठा, मग दुसऱ्यावर. शेवटी चौका टाकला. "बारा." मी सत्ता. "एकोणीस." तो नव्वा. "अठ्ठावीस." शेवटच्या पानाचा एक. एकशे एकोणीस.

नव्वा आधी टाकला असता तर माझी ओळ लागली असती, म्हणून घाबरला. घाबरून योग्यच खेळला. पण दोन कमी पडले.

मी पानं मांडली. घाई केली नाही. एकेका पानावर बोट ठेवून, मोठ्याने — "पंधरा-दोन. पंधरा-चार. सत्ता-सत्ता-एक्का, पंधरा-सहा. जोडीचे दोन. आठ."

खुंटी शेवटच्या भोकात बसली.

क्लाइडने स्वतः पुन्हा मोजून बघितलं. मग उठला, टोपी नव्हती तरी टोपी काढल्यासारखं केलं. "एल्डा," म्हणाला. पहिल्यांदा नावाने. व्हर्नाने माझा हात घट्ट धरून ठेवला, बराच वेळ.

आता साडेचार झाले आहेत. कप पिठाच्या डब्यामागे लपवला आहे. आज लॉर्नला तो दाखवायचा दिवस नाही. लॉर्न अजून आला नाही.

२३ एप्रिल, रविवार

काल सहाला आला. अंगाला धुराचा वास. मी रडायच्या तयारीतच होते.

म्हणाला, "खात्याची माणसं म्हणाली, आइस्नर, तुम्ही बोटीत बसा, बघू नका. मी म्हटलं, काडेपेटी इकडे द्या."

मला कळेचना.

"पहिल्या हिवाळ्यापासून मला तिथून निघायचं होतं, एल्डा. बदलीचा अर्ज सहा वेळा लिहिला, सहा वेळा फाडला. तू एवढी खूश होतीस. आणि इथे आल्यावर तू रोज रडायचीस. तुझ्यासमोर माझं हसू कुठे ठेवणार होतो मी?"

दोन ताटं जेवला.

आज दहा वाजून गेले, अजून उठला नाही. घोरतोय. एकतीस वर्षांत हा माणूस पहाटे पाचनंतर कधी झोपलेला मी बघितला नव्हता.